उदासीचा पण क्लास? पावसाळा काय पुण्यात पहिल्यांदा आलाय का?

नळस्टॉपवाला (धागाकर्ता)

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज आला. 'पावसाळ्यात मन उदास राहतं? रोजच्या कटकटींनी थकून जाता? ८ शनिवार, दीड दीड तास, छोटा गट, फी ३२०० रुपये.' खाली ढगातून डोकावणारा सूर्य. मी दोनदा वाचला, म्हणलं कुणीतरी गंमत केली असेल. तर नाही, खरंच आहे, कोथरूडात एका शाळेच्या वर्गात भरतो, मागच्या वर्षी पण भरला होता म्हणे.

आता मला सांगा, या गावात कशाचा क्लास नाही? पोटात असल्यापासून गर्भसंस्कार, मग अ‍ॅबॅकस, मग अक्षर सुधारणे, स्कॉलरशिप, बारावी, लग्न ठरलं की संगीतच्या नाचाचा क्लास आणि रिटायर झालं की हास्यक्लब. एक उदास बसायचं तेवढं विनाक्लासचं राहिलं होतं, ते पण आता शनिवारी साडेपाच ते सात, येताना वही-पेन आणावे.

जुलै आहे. पंधरा दिवस ऊन नाही. पंख्याखाली वाळत घातलेल्या टॉवेलला कुबट वास येतो, खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बंद आणि सगळं गाव वळसे घालत फिरतंय, मी पहाटे सव्वासहाला कंपनीच्या बसने चाकणला जातो आणि येताना नाशिक फाट्याला बस जी उभी राहते ती राहते. यात माणूस जरा गप्प होणारच की. होतो, गणपती येतात, ऊन पडतं, ठीक होतो. आम्ही ज्याला 'जरा कंटाळा आलाय' म्हणायचो त्याला 'पावसाळी उदासी' नाव दिलं आणि नावाला फी लावली. दुकान आहे हे. पटत असेल नसेल, बोला.

स्पष्टच_बोलतो

शंभर टक्के. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, आमचं नारायण पेठेतलं घर गेलं भांड्याकुंड्यासकट. आजी तिसऱ्या दिवशी शाळेतल्या छावणीत तीन दगडांची चूल मांडून भाकऱ्या थापत होती. तिला कुठला क्लास होता? आत्ताची पिढी मऊ आहे, दुसरं काही नाही.

भजीप्रेमी

कांदाभजी, आल्याचा चहा. फी ६० रुपये. सर्टिफिकेट मिळत नाही.

रिमझिम_कोथरूड

मी मागच्या वर्षीच्या बॅचला होते म्हणून लिहिते, नाहीतर अशा धाग्यांवर मी फक्त वाचते.

आधी कबूल करते की मी पण असंच हसले होते. पहिल्या शनिवारी शाळेच्या फाटकात आमच्याच सोसायटीतल्या सी विंगच्या वहिनी दिसल्या, तर मी चक्क सांगितलं की इथून शॉर्टकट आहे म्हणून चाललेय, त्या म्हणाल्या मी भाचीला घ्यायला आलेय. शनिवारी संध्याकाळी, शाळा बंद असताना. आणि पाच मिनिटांनी दोघी एकाच वर्गात पहिली-दुसरीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या. (हे त्यांना विचारून लिहितेय. बाकी कुणाचं काही सांगणार नाही, तसा पहिल्याच दिवशी सगळ्यांनी शब्द दिलाय.)

तिथे रडारड नसते. डोळे मिटून समुद्रकिनारा आठवा वगैरे पण नसतं. एक कागद देतात, त्यावर पाच चौकोन. घडलं काय, डोक्यात काय आलं, मनाला काय वाटलं, अंगात काय झालं, मग मी केलं काय. माझा पहिला कागद सांगते. नणंदेने माझ्या मेसेजला दोन दिवस उत्तर दिलं नाही. डोक्यात आलं की मी नकोच आहे त्यांना. मन खिन्न. अंगात डोकं जड आणि छातीवर पाटा ठेवल्यासारखं. आणि केलं काय, तर तिन्हीसांजेला दिवा न लावता पडून राहिले, मुलाला म्हणलं बाहेरून मागव, आणि तो एकटा टीव्हीसमोर बसून डब्यातले नूडल्स खाताना बघून परत डोक्यात की बघ, आई म्हणून पण वाया गेलेली आहेस तू, आणि त्याने आणखी खिन्न. हे कागदावर बाण काढून काढून जोडायला लावलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की मी घाण्याच्या बैलासारखी फिरतेय. नणंदेचा फोन पाण्यात पडला होता. हे मला आठवड्याने कळलं.

दुसरं म्हणजे, वाटलं की करीन असं म्हणत बसायचं नाही, आधी करायचं, वाटणं मागून येतं. पण करायचं ते एवढुसं हवं, घर आवरीन वगैरे नाही. माझं ठरलं रोज सकाळी साडेसातला छत्री घेऊन वीस मिनिटं गच्चीत जायचं. चार दिवस नुसता राग आला, पाचव्या दिवशी टाकीवर दोन बगळे बसलेले दिसले आणि मी त्यांचा फोटो काढला. बस एवढंच. पण दोन महिन्यांत मी स्वतःहून काढलेला तो पहिला फोटो होता.

चौथ्या शनिवारी मी दांडी पण मारली. जुलै मला अजूनही जड जातो. पण यंदा दिवा लागतो घरात.

नळस्टॉपवाला

ताई, मनापासून लिहिलंत, आदर आहे. पण नणंदेला एक फोन लावला असता तर ३२०० वाचले असते की नाही?

रिमझिम_कोथरूड

फोन लावण्याएवढा जीव असता तर मी क्लासला कशाला गेले असते?

आणि ३२०० म्हणजे एका वेळचे ४०० होतात. त्याआधी मी एकटी एका बाईंकडे जायचे तिथे एका वेळचे १२०० द्यायचे, चार वेळा गेले आणि घरात हिशेब विचारायला लागले म्हणून बंद केलं.

वाकडचा_हमाल

मी काकांच्या बाजूने, पण माझं कारण वेगळंय.

'रोजच्या कटकटी' हा शब्दच मला खटकतो. घरापासून हिंजवडी फेज ३ नऊ किलोमीटर, पावसात पाऊणेदोन तास. दर वर्षी ११ महिन्यांचा करार संपला की भाडं वाढतं. मॅनेजर रात्री साडेनऊला 'क्विक कॉल' लावतो कारण अमेरिकेत तेव्हा सकाळ. ऑफिसात काचा आहेत पण पडदे ओढलेले, स्क्रीनवर ग्लेअर येते म्हणून, मी जुलैत सूर्य सोडा, दिवस पण बघत नाही. आणि मग एचआरवाले काय करतात, तर वेलनेस वीक. एक मॅडम येतात आणि सांगतात की परिस्थिती बदलता येत नाही, दृष्टिकोन बदला. का बदलू? प्रॉब्लेम माझ्या विचारांत नाहीये, हिंजवडी फेज ३ मध्ये आहे. तुमच्या त्या पाच चौकोनांपैकी खड्डा नक्की कुठल्या चौकोनात टाकायचा?

अजून एक. मी एकदा असल्या ग्रुप प्रकाराला जाऊन आलोय. मुळशीला एका रिसॉर्टवर, दोन दिवस, १४ हजार, मित्राने गळ घातली म्हणून. माईक घेतलेला एक माणूस ओरडतोय, सगळ्यांनी ओरडायचं, मिठ्या मारायच्या, वडिलांना मनातल्या मनात माफ करायचं. एक मुलगी होती, गोळ्या चालू होत्या तिच्या, तिला स्टेजवर बोलावून सांगितलं की गोळ्या ही कुबडी आहे, आज टाक. टाळ्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत पण गप्प बसलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तिचं पुढे काय झालं माहीत नाही. तेव्हापासून 'ग्रुप' हा शब्द ऐकला की मी दार बघतो.

रिमझिम_कोथरूड

खड्डा पहिल्या चौकोनात. घडलं काय. त्याला कुणी हात लावायला सांगत नाही, खड्डा खड्डाच असतो. आमच्या सहाव्या शनिवारी हेच होतं, की ज्याचं काही करता येतं त्याचे तुकडे पाडा आणि एक तुकडा उचला. एकांनी तिथे बसून सोसायटीच्या लिफ्टबद्दल अर्ज लिहिला. दृष्टिकोन बिष्टिकोन काही नाही.

तुझं ते मुळशीचं वाचून मात्र अंगावर काटा आला. तसं काही असतं तर मी पहिल्याच दिवशी उठून आले असते.

ओपीडी_संपल्यावर

मी फॅमिली डॉक्टर आहे, बिबवेवाडीत. मानसोपचारतज्ज्ञ नाही, आधीच सांगते. दोन्हीकडचं थोडं थोडं बरोबर आहे आणि थोडं थोडं चूक.

आधी त्या मुलीबद्दल. डिप्रेशनच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून एका दिवसात टाकायच्या नसतात, माईकवाल्याच्या तर नाहीच. कमी करायच्या असतील तर ज्यांनी लिहून दिल्या त्यांना विचारून, हळूहळू. असं कुणी स्टेजवरून सांगत असेल तर तिथून उठावं, आणि जमलं तर शेजारच्यालाही उठवावं.

आता ऋतूचं. 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर' हे नाव १९८४ साली नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी मांडलं, वॉशिंग्टनच्या जवळ. रोझेंथाल स्वतः दक्षिण आफ्रिकेतून तिकडे गेलेले, हिवाळ्यात आपलं काय होतं ते अंगावर काढलेलं. तिकडे डिसेंबरात दिवस साडेनऊ तासांचा, आणखी वर ग्लासगोला गेलात तर जेमतेम सात. पुण्यात डिसेंबरात पण ११ तास असतो, आणि जुलैत १३. त्यामुळे काकांचं इथवर खरंय की तो आजार जसाच्या तसा उचलून कोथरूडात आणता येत नाही. आणि वर्गीकरणात तो आता वेगळा आजार धरत पण नाहीत, डिप्रेशनच, फक्त ठरावीक ऋतूत परत परत येणारं. काहींना ते उन्हाळ्यात पण येतं.

पण दिवस १३ तासांचा असून काय, उजेड कुठंय? घरात ट्यूबखाली दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं माप) असतात, बाहेर ढगाळ दुपारी पण आकडा हजारांत जातो. म्हणून रिमझिमताईंची गच्ची ही वेडगळ कल्पना नव्हती, आणि वाकडवाल्यांचे ओढलेले पडदे ही नुसती तक्रार नाही. (१० हजार लक्सचे दिवे ऑनलाइन मिळतात ते मात्र आपल्या आपण मागवून सुरू करू नका, बायपोलर (कधी टोकाची उदासी, कधी टोकाचा उत्साह) असलेल्यांना त्याने भलतंच उधाण येऊ शकतं.)

पावसाळ्यात 'डॉक्टर, काही करावंसंच वाटत नाही' म्हणून येणाऱ्यांची मी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ बघते. शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं इतकं सर्रास आहे की विचारू नका, पुण्यातच केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. रक्त न तपासता ८ शनिवार घालवू नका. आणि सलग दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली, कशातच गोडी नाही, किंवा मरणाचे विचार येतायत, तर क्लास नाही, थेट मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री असेल तर १४४१६, सरकारची टेलिमानस लाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

नळस्टॉपवाला

बघा, डॉक्टरच म्हणतायत की पुण्यात तो आजार जसाच्या तसा नाही. मग क्लास कशाचा घेताय?

ओपीडी_संपल्यावर

अर्धंच वाचलंत काका.

अमेरिकेत व्हरमाँटमध्ये केली रोहन यांनी हेच तपासलं. १७७ लोक, साधारण निम्म्यांना रोज सकाळी दिव्यासमोर बसवलं, निम्म्यांना ६ आठवड्यांत १२ वेळा गटात बसवून हे चौकोनवालं शिकवलं. त्या हिवाळ्यात दोघं सारखेच सुधारले. दोन हिवाळ्यांनी परत बघितलं तर दिवावाल्यांपैकी ४५.६ टक्के पुन्हा त्याच खड्ड्यात, गटवाल्यांपैकी २७.३. दिवा दर वर्षी काढून रोज लावावा लागतो, माणूस कंटाळतो. शिकलेलं डोक्यात राहतं, असा त्यांचा अंदाज. ब्रिटनमध्ये नाइस या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०२२ च्या सूचनांत पण सौम्य डिप्रेशनला गटातलं सीबीटी, म्हणजे हे चौकोनवालंच, बरंच वर ठेवलंय, गोळ्यांच्या आधी.

नळस्टॉपवाला

व्हरमाँटला कमरेएवढं बर्फ पडतं. तिथला हिशेब कर्वे रोडला लावायचा?

ओपीडी_संपल्यावर

नाही लावायचा, तसाच्या तसा नाही. ते लोक आजाराच्या निकषात बसणारे होते, 'कंटाळा आलाय' वाले नव्हते. हा तुमचा मुद्दा मी मान्य करते आणि त्या मेसेजवाल्यांनी पण मान्य करावा.

जुना_सायकलवाला

@स्पष्टच_बोलतो, माझी आजी पण पानशेतची, शनिवार पेठेतली. ती पण तिसऱ्या दिवशी कामाला लागली होती. आणि ८१ साली जाईपर्यंत, म्हणजे वीस वर्षं, पावसाचा जोर वाढला की ती रात्री उशाशी कागदपत्रांची पिशवी घेऊन बसून राहायची, झोपायची नाही, आणि आम्ही पोरं तिला हसायचो. तुमच्या आजी रात्री झोपायच्या का, कुणी विचारलं होतं?

स्पष्टच_बोलतो

आमच्याकडे असलं काही नव्हतं.

(नंतर) म्हणजे विचारलं नव्हतं कुणी. खरंय. पण म्हणून क्लास काढायचा का, हा प्रश्न राहतोच.

मावशी_सहकारनगर

मी ६८ वर्षांची आहे, नातवाने टाइप करायला शिकवलंय, चुका पोटात घाला.

तुम्ही ज्याला क्लास म्हणताय तो आपल्याकडे होताच, त्याला चातुर्मास म्हणायचे. आषाढी ते कार्तिकी. बाहेर चिखल, शेतात पेरण्या झालेल्या, माणसं घरात कोंडलेली, नेमकं तेव्हाच पोथ्या, भजनं, नागपंचमीचे झोके, मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगड्या. पूर्वजांना काय ते लक्स माहीत नव्हते पण माणूस या दिवसांत एकटा सोडायचा नसतो हे कळत होतं. आयुर्वेदात पण वर्षा ऋतूत वात बिघडतो, अग्नी मंद होतो म्हणतात. आमचं भजनी मंडळ आहे, २२ बायका, दर गुरुवारी चारला. ८ शनिवारांचे ३२०० घेणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

पस्तिशीची

मावशी, मला मंगळागौरीला बोलवत नाहीत. घटस्फोट झालाय माझा.

मावशी_सहकारनगर

बाई, गुरुवारी ये. मंगळागौरीचं तुझं बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पस्तिशीची

येईन एखाद्या गुरुवारी. पण खरं सांगू का, भजनाला मी आले तर टाळ वाजवीन, छान वाटेल, घरी जाईन. 'मला सकाळी उठायचं भय वाटतं' हे वाक्य मी टाळ खाली ठेवून कुणाला म्हणू? तुमच्यातल्या बावीस जणींपैकी कुणी गेल्या वर्षभरात म्हणालंय का असं?

मावशी_सहकारनगर

एक म्हणाली होती. आम्ही तिला म्हणलं देवाचं नाव घे. मग ती यायची बंद झाली. हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

भजीप्रेमी

मी पहिल्या पानावर जोक मारला होता तो मागे घेत नाही पण जरा बाजूला ठेवतो.

लॉ_कॉलेज_रोडवरून

मी समाजकार्य शिकवते. एक मुद्दा कुणी काढला नाही, हे शिकवणार कोण?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, ती आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. 'समुपदेशक', 'लाइफ कोच' अशी पाटी मात्र आज कुणीही लावतो. वाकडच्या मित्राला भेटला तसलाच कुणीतरी.

पण उलटी बाजू पण ऐका. गोव्यात विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. बोलणारे डॉक्टर नव्हते, सायकॉलॉजिस्ट पण नव्हते, तिथलीच साधी माणसं, व्यवस्थित प्रशिक्षण दिलेली आणि वर लक्ष ठेवणारं कुणी असलेली. ६ ते ८ बैठका, आणि मुख्य भर कशावर, तर रिमझिम म्हणतायत त्याच गोष्टीवर, की आधी छोटं काहीतरी करा. तीव्र डिप्रेशनच्या लोकांना पण फरक पडला. ते एकेकट्याशी बोलणं होतं, गटात नाही, हे खरं. पण डिग्री एवढाच निकष धरला तर काम होणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात डिप्रेशन-चिंतेच्या १०० पैकी साधारण ८५ लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. एवढे सायकॉलॉजिस्ट आणायचे कुठून?

म्हणून मी तीन गोष्टी विचारते. शिकवणाऱ्याचं शिक्षण काय आणि त्याच्यावर कोण आहे. प्रवेशाआधी एकेकट्याशी बोलता की पैसे भरले की आत. आणि मध्येच कुणाची तब्येत बिघडली तर पुढे कुणाकडे पाठवता. तिन्हीची उत्तरं फोनवर सरळ मिळाली नाहीत तर भजी खा.

वाकडचा_हमाल

हे ठीक आहे. तरी माझं म्हणणं राहतंच. गोव्यात फुकट होतं, सरकारी दवाखान्यात. इथे पैसे भरून, कोथरूडात, ज्याला शनिवार मोकळा आहे त्याच्यासाठी. आमच्या ऑफिसच्या गेटवर जो सिक्युरिटीवाला १२ तास पावसात उभा असतो त्याला कोण विचारतंय?

लॉ_कॉलेज_रोडवरून

कुणीच नाही. इथे तू बरोबर आहेस.

अकरा_वर्षं

मी फार लिहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होतो, येरवड्याला. तिथे १९८६ पासून हेच चाललंय, माणसं गोल करून बसतात आणि बोलतात. दारू आणि पावसाळी उदासी एक नाही, कळतं मला. पण गटाबद्दल एक सांगतो. मला डॉक्टर, बायको, भाऊ, सगळे जे सांगत होते तेच गटात एक रिक्षावाला बोलला, स्वतःबद्दल, माझ्याकडे न बघता. मला पहिल्यांदा ऐकू आलं. गटात बोलणाऱ्यापेक्षा गप्प बसलेला जास्त घेऊन जातो असं माझं मत आहे. पहिले तीन आठवडे मी तोंड उघडलं नव्हतं आणि कुणी उघडायला लावलं पण नाही. जिथे लावतात तिथे जाऊ नये.

धागाकर्त्यांना एक विचारू का? हा मेसेज तुम्हाला सोसायटीच्या ग्रुपवर आला की वेगळा कुणी पाठवला?

नळस्टॉपवाला

त्याचा इथे काही संबंध नाही.

अकरा_वर्षं

बरं.

स्पष्टच_बोलतो

तीस प्रतिक्रिया होत आल्या, आता मॉडरेटर कुलूप लावतील. माझं मत तेच आहे, सगळ्या गोष्टींना नाव देत बसू नये. फक्त मऊ म्हणालो ते मागे घेतो.

नळस्टॉपवाला

आज जेवणाच्या सुट्टीत मेसेजवरच्या नंबरला फोन केला. त्या लॉ कॉलेज रोडवाल्या मॅडमचे तीन प्रश्न विचारले, उलटतपासणी घेतल्यासारखे, मला वाटलं समोरचा माणूस वैतागेल. एक बाई होत्या. म्हणाल्या शिकवणाऱ्या दोघी, एकीची आरसीआय नोंदणी आहे, नंबर पाठवला, दुसरी तिच्या हाताखाली. आधी प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलतात, आणि मागच्या वर्षी तिघांना घेतलं नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. बिघडलं तर कुणाकडे पाठवणार त्याचं पण नाव सांगितलं. पहिल्या दोन शनिवारांत सोडलं तर उरलेले पैसे परत. 'पावसाळी उदासी' हे नाव का ठेवलं विचारलं तर हसल्या, म्हणाल्या नुसतं 'उदासी' लिहिलं की कुणी येत नाही, पावसावर ढकललं की येतात. म्हणजे जाहिरात ती जाहिरातच, हे माझं खरं ठरलं, लिहून ठेवा.

आणि मेसेज बायकोने पाठवला होता. मला एकट्याला. खाली काही न लिहिता. मला वाटलं ही मला सुचवतेय की तू हल्ली तोंड पाडून बसतोस, आणि त्याचाच राग आला होता, म्हणून धागा काढला. झालं समाधान?

रिमझिम_कोथरूड

काका, मग तिला विचारलंत का?

नळस्टॉपवाला

काल रात्री विचारलं. म्हणलं मी काय एवढा वाईट दिसतो का की मला क्लासला पाठवतेस.

ती म्हणाली, तुझ्यासाठी नव्हता पाठवला. मला जायचं होतं. तू वाचून काहीतरी विचारशील असं वाटलं.

ती गेले महिनाभर सकाळी माझा डबा भरून झाला की परत झोपते म्हणे, अकरा-साडेअकरापर्यंत. मी सव्वासहालाच बाहेर पडलेला असतो. संध्याकाळी येतो तेव्हा घर आवरलेलं असतं, पोळ्या झालेल्या असतात, मला दिसणार कुठून. आणि दिसलं असतं तरी मी काय म्हणलो असतो ते वर पहिल्या पोस्टमध्ये लिहिलेलंच आहे.

थायरॉइड आणि बी१२ ला उद्या सकाळी देतोय, दोघांचं. फॉर्म तिने भरला, 'का यायचं आहे' असा एक रकाना आहे त्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. मी पण मागितलं नाही.

रिमझिमताई, एक विचारायचं होतं. ती बाकं खरंच एवढी लहान आहेत का? तिचा उजवा गुडघा दुखतो.

रिमझिम_कोथरूड

मागे भिंतीला लागून चार खुर्च्या असतात. सव्वापाचला पोहोचायला सांगा, नंतर मिळत नाहीत.